झेलिताची चाल

आमच्या वस्तीत कुणी न्गोनी माणूस गेलं, की पाद्र्याच्याही आधी मला बोलावणं येतं. मी बेंबा जमातीची. बेंबा आणि न्गोनी एके काळी एकमेकांच्या जिवावर उठले होते. लढून लढून दोघेही कंटाळले, तेव्हा थट्टेचे सोयरे झाले. या नात्याला आम्ही चिम्बुया म्हणतो. चिम्बुयाने काहीही बोलावं, समोरच्याने राग धरायचा नाही. न्गोनी घरात मयत झाली, की बेंबा चिम्बुयाने जाऊन गेलेल्या माणसाची नक्कल करायची, रडणाऱ्यांना हसवायचं आणि निघताना त्या घरचं कोंबडं हक्काने काखेत मारायचं.

यात मी वस्ताद आहे. स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. म्हातारा जेरे गेला, तेव्हा मी त्याची टोपी घालून त्याच्याच खाटेवर तंगड्या पसरल्या आणि ओरडले, “माझी बिअर कुणी संपवली रे?” त्याची बायको हसता हसता रडली, रडता रडता हसली आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा ताटावर बसली. आता याला कुणी चेष्टा म्हणो, मी काम म्हणते.

माझं दुसरं काम दवाखान्यातलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी मुलांशी बोलते. कुणाचे आईबाप गेलेले असतात, कुणाला घरात मार पडतो, कुणी शाळेत तोंडच उघडत नाही. त्यासाठी मला सिस्टर नामुकोलोने सहा आठवडे शिकवलं. खुर्ची सोडून चटईवर बसायचं. ‘का’ म्हणून विचारायचं नाही. आणि मूल जे काही घेऊन येईल, राग असो, खोटं असो, घाण शिवी असो, ते आधी पदरात घ्यायचं, मग बाकीचं. बोलण्यावर जिचं पोट भरतं अशा बाईला सहा आठवडे गप्प बसायला शिकवलं, तर तिचे काय हाल होत असतील ते विचारू नका.

तिया माझ्याकडे आली ती ऑक्टोबरातल्या एका सोमवारी. आमच्या काब्वे शहरात तेव्हा इतकं उकडत होतं, की कुत्रीसुद्धा नळाखाली जाऊन बसत होती.

“ए माकडखाऊ, आहेस का आत?” दारातूनच वस्तीतल्या एस्नातने हाक मारली.

“आहे. उंदरांचा वास आला तेव्हाच म्हटलं, न्गोनी आली.”

ते आम्हाला माकडखाऊ म्हणतात, आम्ही त्यांना उंदीरखाऊ; एरवी एस्नातने याला चार उत्तरं दिली असती. त्या दिवशी तिने पाठीमागून एका पोरीला पुढे ढकललं. पोरगी आठ वर्षांची, पण शाळेचा फ्रॉक तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता.

“माझ्या झेलिताची ही. तियामिके,” एस्नात म्हणाली. “जेवत नाही गं. मी डोळे वटारले तर दोन घास, नाहीतर तेही नाही. मक्याच्या पिठाची न्शिमा घोटून वाढली, तर उरलेली परत पातेल्यात टाकते. शाळेतली पेज दुसऱ्या पोरांना वाटते. मारून झालं, लाडावून झालं.”

झेलिता म्हणजे एस्नातची धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेली. तिच्या मयतीला अर्थातच मी होते. तिचंच चितेंगे, म्हणजे लुंगीसारखं रंगीत कापड, कमरेला गुंडाळून मी तिच्यासारखी चालले, तिच्या नाकातल्या आवाजात बोलले, आणि अंगणातल्या बाया पोट धरून हसल्या होत्या. काय काय बोलले ते आता कोण लक्षात ठेवतं! मयतीत मी बोलते, लोक हसतात, कोंबडं मिळतं, संपलं.

सिस्टरने तियाला काट्यावर उभं केलं. सतरा किलो. पाच वर्षांच्या पोराचं वजन. जंत नाहीत, रक्त स्वच्छ, छाती मोकळी. “शरीरात मला काही सापडत नाही,” सिस्टर म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

“तुम्हाला नाही सापडणार,” एस्नात म्हणाली. “हिच्या अंगात काहीतरी बसलंय. रविवारी मी हिला डोंगरावर नेतेय, त्या प्रार्थनेच्या बाबांकडे. तीन दिवस कडक उपास करवतात. पाणीसुद्धा घोटभर. चौथ्या दिवशी जे असेल ते निघून जातं.”

“चौथ्या दिवशी पोरगी निघून जाईल!” माझा आवाज चढला. “उपाशी पोरीला उपास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“मग मी काय करू?” एस्नात एकदम ओरडली. “बहीण पुरली, आता तिची पोर पुरू? तुमच्याकडे औषध असेल तर द्या. रविवारपर्यंत थांबते. त्यापुढे मला अडवू नका.”

ती वाईट बाई नाही. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मी रविवारला मान डोलावली.

तर असे माझ्या हातात सहा दिवस होते आणि त्यातल्या पहिल्याची मी माती केली. न्गोनीची पोर, म्हणजे माझी चिम्बुयाच, असं समजून मी चटईवर बसल्या बसल्या सुरुवात केली, “काय गं उंदीरताई, घरी भाजलेले उंदीर देत नाहीत म्हणून रुसलीस होय?” वस्तीतली कुठलीही पोर यावर फिदीफिदी हसते, उलट ‘तूच माकड खा’ म्हणते. तिया हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मी बोलले की ती पुढे वाकायची, मी थांबले की मागे व्हायची. शाळकरी पोर नव्हे, रेडिओ ऐकायला बसलेला म्हातारा वाटावा असं. मी तासभर जोर लावला आणि शेवटी घामेजून उठले.

“बोलत कोण होतं? तू की ती?” सिस्टरने खिडकीतून विचारलं.

“मी.”

“तेच म्हटलं.”

सिस्टर लोझी जमातीची, आणि लोझी बायका कमी बोलतात, पण जे बोलतात ते दोन दिवस टोचतं.

बुधवारी मी तोंडाला कुलूप लावलं. भातुकलीची पेटी आणली. आमच्या पेटीत विकतचं काही नसतं. बाटल्यांची झाकणं, टमाट्याच्या डब्याची पातेली, चिंध्यांच्या दोन बाहुल्या, आणि मागच्या अंगणातली लाल माती, हवी तेवढी. मी चटईवर नुसती बसून राहिले. माशा मारल्या. तियाने आधी पेटीकडे ढुंकून बघितलं नाही. मग हळूच माती कालवली, डब्यात घोटली, काडीने ढवळली, अगदी बाईमाणूस घोटते तशी, मनगट फिरवून. लाल न्शिमाचे दोन गोळे केले. मोठा माझ्यापुढे ठेवला, लहान स्वतःपुढे. मी खोटं खोटं खाल्लं. तिने खाल्लं नाही. जाता जाता तिने एक बोट पुढे केलं आणि माझ्या गळ्यावर टेकवलं. मला वाटलं, घाम बघते.

शुक्रवारी तिने पुन्हा न्शिमा घोटली. माझा गोळा परवाएवढाच. स्वतःपुढे मात्र वाटाण्याएवढा. तो तिने चिमटीत उचलला आणि माझ्या तोंडापुढे धरला. भरवायला नाही, दाखवायला.

“बघ,” ती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. घोगरा होता, वापर नसल्यासारखा. “मी आता एवढंच खाते.”

‘का’ हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी तो गिळला. “बघितलं,” म्हटलं. “एवढंच खातेस.”

“मग सांग ना तिला.”

“कुणाला, बाळा?”

“आईला. तुझ्या आत आहे ना ती? त्या दिवशी बोलली होती तुझ्यातून. मी कुंपणामागून ऐकलं. तिला सांग, तिया आता एवढंच खाते. आता चिपाताहून परत ये म्हणावं.”

आणि मग मला सगळं आठवलं. शब्दन् शब्द. झेलिताचं चितेंगे कमरेला, तिचं मडकं डोक्यावर, आणि अंगणाच्या मधोमध उभी राहून मी नाकातून म्हणत होते, “ए-ए-ए, मी चालले बाई! ही तिया एकटी तीन माणसांची न्शिमा खाते. हिच्यासाठी घोटून घोटून माझे हात मोडले. आता बोलवाल तरी मी परत येत नाही!” लोक हसले होते, कारण झेलिता स्वतःच असं म्हणायची. पोरीची भूक हा तिच्या कौतुकाचा विषय होता. मुलांना आमच्याकडे मयतीपाशी येऊ देत नाहीत, आई गावाला गेली म्हणून सांगतात; तियाला चिपाताचं नाव सांगितलं होतं. पण कुंपण गवताचं होतं आणि पोर सहा वर्षांची. गवताच्या कुंपणाला भोक पाडायला वेळ लागतो का?

दोन वर्षं. दोन वर्षं ही पोर एकेक घास कमी करत आईला परत बोलावत होती. आणि सोमवारी ती माझ्यापुढे बसून माझ्या तोंडातून आईचा आवाज यायची वाट बघत होती, तेव्हा मी तिला उंदरांवरून चिडवत होते. मला माझ्या जिभेची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

एस्नात दाराशीच बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती धावत आत आली, मला कोपऱ्यात ओढलं आणि कानात म्हणाली, “अगं मग बोल ना! तिच्याच आवाजात बोल. ‘खा, बाळा, मी येते’ एवढंच म्हण. तुला काय जड आहे? एका वाक्याचं काम!”

खोटं कशाला सांगू, तो आवाज माझ्या गळ्यापर्यंत आला होता. ते ‘ए-ए-ए’ सुद्धा. पोरगी तिथल्या तिथे जेवली असती. रविवारचं डोंगरावरचं टळलं असतं. सगळ्यांनी माझी वाहवा केली असती. आणि मग पोरगी दारात जाऊन बसली असती, वाट बघत. महिना, दोन महिने. आई आली नाही की पुन्हा घास लहान करायला घेतला असता, आणि या वेळी वाटाण्याच्याही खाली.

“नाही,” मी म्हटलं.

“माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीही नाही. तिला एकदा फसवलंय मी. पुन्हा नाही.”

मी चटईवर परत बसले. तियाच्या समोर, गुडघ्याला गुडघा. “तिया, त्या दिवशी बोलले ती मी. तुझी आई माझ्या आत नव्हती, आताही नाही. मी तिचा आवाज काढला. लोकांना हसवायला. तू ऐकतेयस हे मला माहीत नव्हतं. तू खाल्लंस म्हणून ती गेली, हे मी खोटं बोलले.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. “मग आई कुठे आहे?”

हे सांगायचा हक्क माझा नव्हता. मी एस्नातकडे बघितलं. “तुझी बहीण आहे. तू सांग.”

एस्नात खाली बसली. तिने चितेंगेच्या टोकाने तोंड पुसलं, मग पुन्हा पुसलं. “ती चिपाताला नाही गेली, तिया. मेली ती. छातीने आजारी होती. डॉक्टरांनाही जमलं नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

“मी कमी खाल्लं तरी नाही येणार?”

“कमी खाल्लंस तरी नाही, जास्त खाल्लंस तरी नाही.”

पहिलं पातेलं माझ्या कपाळावर बसलं. टमाट्याचा डबा, त्यात ओली माती. मग झाकणं, मग बाहुल्या, मग मूठ मूठ चिखल. “खोटारडी! खोटारडी!” एस्नातने हात उगारला. “मोठ्या माणसावर चिखल फेकतेस?”

“फेकू दे,” मी म्हटलं. “माझाच आहे तो.”

चिम्बुयाने चिम्बुयाची माफी मागितल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. मागितली तर थट्टेचं नातंच तुटतं, असं आमच्याकडे मानतात. मी मागितली. चिखलाने भरलेल्या तोंडाने, आठ वर्षांच्या पोरीची. म्हटलं, “मी चुकले, तिया. तुला राग आलाय, तो बरोबर आहे. मी कुठे जात नाही, इथेच बसलेय.” मग चिखल संपला आणि रडणं सुरू झालं. दोन वर्षांपूर्वी रडायचं राहिलेलं सगळं रडणं. एस्नातही तिच्याबरोबर गळा काढून रडली, आणि मला कुणालाच हसवावंसं वाटलं नाही.

दोघी गेल्यावर मी सिस्टरला म्हटलं, “मला या कामावरून काढा.”

“आधी चटई धू,” सिस्टर म्हणाली. “मग उद्या तिच्या घरी जा.”

शनिवारी गेले. ओट्यावर डोंगरावर न्यायचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, वर पाण्याची बाटली. एस्नातने मला बस म्हटलं नाही. “कालपासून ते दोन घासही बंद झालेत,” ती म्हणाली. “सगळं खरं सांगून काय मिळवलंस? उद्या सकाळी आम्ही निघतो. आता मला काही शिकवू नकोस.”

माझ्याकडे शिकवायला काही नव्हतंच. मी घरून झाकून जेवण आणलं होतं. न्शिमा, भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाण्यातली भाजी आणि एक अख्खा तळलेला मासा. आंब्याखाली मातीत बसले, हात धुतले आणि जेवायला लागले. तिया उंबऱ्यात होती. तिला ‘ये’ म्हटलं नाही, ‘खा’ तर मुळीच म्हटलं नाही. जिभेवर चार थट्टा येऊन बसल्या होत्या, चांगल्या होत्या, चारही गिळल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड जेवण होतं ते. समोर गाठोडं दिसत होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसली.

“आज बोलत का नाहीस?” तिने विचारलं.

“तुला माझ्या बोलण्याचा त्रास झाला. म्हणून.”

तिने पायाच्या अंगठ्याने मातीत रेघ ओढली. “आई कशी चालायची, ते येतं तुला अजून?”

“येतं.”

“करून दाखव.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. “नको गं. एकदा केलं तेवढं पुरे.”

“खोटं खोटं,” ती म्हणाली. “मला माहितेय, तू तूच आहेस.”

मी एस्नातकडे बघितलं. ती खांबाला टेकून उभी होती. मग मी उठले. हात पुसले, चितेंगे घट्ट केलं, डोक्यावर नसलेलं मडकं घेतलं. झेलिताच्या चपलेचा पट्टा कायम तुटलेला असायचा. ती एक पाय ओढत चालायची, चार पावलांनी थांबून कंबर सावरायची आणि पुन्हा निघायची, जशी काही सगळी वस्ती तिच्यासाठी खोळंबली आहे. मी नळापर्यंत गेले आणि परत आले. तोंडातून अक्षर काढलं नाही.

तिया डोळे न मिटता बघत होती. गाल ओले होते, पण ती ते पुसत नव्हती. “चुकलं,” ती म्हणाली. “तू उजवा ओढतेस. आईची डाव्या पायातली तुटली होती.”

दोन वर्षांपूर्वी दोनशे माणसांनी ती नक्कल बघितली आणि हुबेहूब म्हणून वाखाणली होती. मी पुन्हा नळापर्यंत गेले, डावा पाय ओढत.

“आता बरोबर.”

मी वळले तर तिचा हात माझ्या ताटात होता. चिम्बुयाच्या ताटातलं न विचारता उचलायचं, हा आमच्यात जन्माचा हक्क. तिने माशाचा मधला, सगळ्यात जाड तुकडा उचलला होता.

“ए! माझा मासा!” माझ्याकडून निघून गेलं.

“माकड खाणाऱ्यांना मासा कशाला हवा?” तिया म्हणाली आणि चावू लागली.

खांबाशी एस्नातने हुंदका दिला. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर माझाही बांध फुटला असता. तिया सावकाश खात होती, काटे मोजून बाजूला ठेवत होती. तुकडा संपल्यावर तिने ओठ पुसले, उठली आणि ओट्याजवळच्या एस्नातच्या मोठ्या चपला पायात घातल्या. डोक्यावर हात धरला. डावा पाय ओढत, चार पावलांवर थांबून कंबर सावरत, ती अंगणभर चालली. माझी नक्कल तिच्यापुढे काहीच नव्हती. झेलिताच चालत होती.

“आता तू बोलायचं नाहीस,” तिने मला दम भरला. “आई काय बोलायची, ते मला माहितेय.” मग माझ्यासमोर उभी राहून, नाकातून, “ए-ए-ए तिया! ताटात काय ठेवलंस? मी घोटते कशाला मग? घे अजून.”

आणि ती तिथेच खाली बसली, पुन्हा तिया झाली, आणि तिने अजून न्शिमा घेतली.

एस्नात ओट्यावर गेली. तिने गाठोड्याची गाठ सोडली, आतलं, उपास सोडायला घेतलेलं पिठाचं फडकं बाहेर काढलं आणि शेगडीत फुंकर घातली. तिची पाठ आमच्याकडे होती. खांदे हलत होते. पातेल्यात पाणी ओतून तिने कसंबसं विचारलं, “किती माणसांची घोटू?”

तियाचं तोंड भरलेलं होतं. तिने बोटं वर केली, आणि मग घास गिळून, आम्हा दोघींना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, “तीन माणसांची.”